दुपारचे मैल

७ मार्च १९३८, सोमवार

आज अकोल्याहून वामनराव साहेब आले आणि माझ्या हातात एक लाल वही देऊन गेले. तीत गाडीचे आकडे लिहायचे: किती मैल चालली, किती वीज घेतली, किती पाणी प्याली, काय मोडले. बाकी एक शब्द लिहायचा नाही असे बजावले आहे. म्हणून बाकीचे इथे लिहितो. ही भाऊसाहेबांच्या जुन्या डायरीतली उरलेली कोरी पाने आहेत. माझे शिक्षण मराठी तिसरी, त्यातले अर्धे वर्ष हिवतापात गेलेले. पण मनात आलेले कुठेतरी उतरवले नाही तर मला झोप येत नाही.

भाऊसाहेब वकील कार्तिकात वारले. मागे अनसूयाबाई, मूलबाळ नाही. वामनराव त्यांचे धाकटे भाऊ, तेही वकील, अकोल्याला. त्यांच्याकडे पेट्रोलची मोटार आहे. आमच्याकडे भाऊसाहेबांची बॅटरीची गाडी. एक कलेक्टरची मडम विलायतेला परत जाताना विकून गेली होती. काचेच्या कपाटाला चाके लावावी तशी ती दिसते. आत गादीची बैठक, खिडक्यांना निळे रेशमी पडदे. पेट्रोल नाही, धूर नाही, हँडल मारणे नाही. दांडी पुढे ढकलली की चालते. आणि आवाज मुळीच नाही. मी जातीने माळी, बंगल्याची बाग बघायला लागलो होतो. पण भाऊसाहेब म्हणाले, "शालिकराम, तू पानवेलीला मोजून पाणी देतोस ना? हिलाही तसेच मोजून द्यायचे." तेव्हापासून बागेबरोबर गाडीही माझ्याकडे आली.

आज वामनराव ओसरीवर बसून म्हणाले, "दोन भावांच्या दोन गाड्या आता एका घराला परवडत नाहीत. माझ्या मोटारीचे पुंजाराम ड्रायव्हर लिहील, हिचे शालिकराम लिहील. कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली की दोन्ही वह्या मांडू. जी जास्त खाते ती विकू."

दाराआडून बाईंनी विचारले, "आणि ही विकली तर?"

"मग इथे राहिलेच काय, वहिनी? बंगला एखाद्या कापसाच्या व्यापाऱ्याला भाड्याने देऊ. तुम्ही अकोल्याला या. देवघराच्या बाजूची खोली रिकामीच आहे."

ती खोली मी पाहिली आहे. तिला खिडकी नाही.

बाई गेल्या तर आम्हीही गेलो. मी आणि माझी बायको पार्बता बंगल्यामागच्या दोन खोल्यांत बावीस वर्षे राहतो. मुलगा वसंत तेल्हाऱ्याला कापसाच्या जिनात कामाला आहे, पण त्याच्या एका खोलीत पाच माणसे आहेत. म्हणजे आता सगळे या लाल वहीवर आले.

९ मार्च

पुंजाराम काल मुक्कामी होता. मोटार इथून निघेना. आधी प्लग काढून घासले, मग नळीत फुंकर मारली, मग हँडल फिरवता फिरवता घामाने भिजला. वर माझ्या गाडीला हसतो.

"तुही गाडी म्हंजे चोराची चाल हाये, शालिकबुवा. आली कधी, गेली कधी, कोनाले पत्ता नाई. माही गाडी खोकलते, थुकते, पन आलो बापा आमी, असं गावाले सांगते तरी."

मी म्हटले, "तुही गाडी मूर्तिजापूरले दोनदा पंक्चर झाली ना बे? ते लिहिलं का वहीत?"

"लिहिलं. स्प्रिंगचं पान तुटलं, तेही लिहिलं. ऑइल किती पेते तेही लिहिलं. पन तुह्या गाडीचं एकच दुखनं हाये, अन ते मरनाचं. बॅटरी बसली की नव्या बॅटरीच्या पैशात जुनी मोटार येते."

रात्रभर हेच डोक्यात फिरत राहिले. तो चावट आहे, पण खोटे बोलला नाही. पेट्रोलची गाडी रोज थोडी थोडी मरते आणि रोज दुरुस्त होते. ही काही मागत नाही. हिला फक्त शुद्ध पाणी आणि वीज पाहिजे. पण आतले शिसे झिजत असते ते डोळ्यांना दिसत नाही.

१० मार्च, गुरुवार

आकडा चुकला आहे, किंवा मी चुकलो आहे.

रोज सकाळी बाईंना अंबादेवीला नेऊन आणतो, तीन मैल. मग अकरा वाजता प्रत्येक सेलमध्ये काचेची नळी घालून बघतो. नळीतला तरंगता आकडा बाराशे पंचाहत्तरला गेला तर पोट भरलेले, साडेअकराशेला आला तर उपाशी. आज अकरा वाजता साडेबाराशे होता. मग मी जेवून निजलो. मागच्या वैशाखात मला ऊन लागले होते, तेव्हापासून दुपारी निजायचेच असा डॉक्टरांचा हुकूम आहे आणि पार्बता तो माझ्यावर इन्स्पेक्टरासारखी चालवते. पाच वाजता उठून पाहिले तर आकडा बाराशे दहा. मैलाच्या घड्याळात पाच मैल जास्त.

गाडी शेडात होती तिथेच होती. दार ओढलेले होते. किल्ली आमच्या घरातल्या खिळ्यावर.

लाल वहीत काय लिहू? जागेवर उभी राहून पाच मैल चालली?

१४ मार्च, सोमवार

शुक्रवारी पाच मैल. शनिवारी पाच मैल. काल रविवारी काही नाही. आज पुन्हा पाच.

सेलची झाकणे उघडून एकेक पाहिला. फुटलेला नाही, गळत नाही. आम्ल उडून धोतराला तीन भोके पडली. बॅटरी आपोआप उतरते हे मला माहीत आहे, पण तिच्याबरोबर मैल कसे चढतात?

आज निजलो नव्हतो, पण डोळे मिटलेले होते. बाहेर भर दुपार होती. चैत्र लागायचा आहे, पण ऊन आताच असे की झाडाखाली कावळा चोच उघडून बसतो आणि माणसाची सावली त्याच्याच पायाखाली लपते. बडनेरा रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. अशा वेळी माझ्या पापण्यांवरून काहीतरी मोठे सरकत गेल्यासारखे वाटले. ऊन गेले आणि परत आले. आवाज काहीच नाही. उठून खिडकीशी जाईपर्यंत अंगणात फक्त धूळ होती, तीही खाली बसत होती.

पार्बता फाटकाशी मोगऱ्याचे गजरे ओवत बसली होती. ती म्हणाली, "मी इथंच बसून हावो. काही नाई गेलं. निजा तुमी."

१८ मार्च

होळी आणि धुळवडीला गाडी हलली नाही. काल पाच मैल, आज पाच मैल.

आज चाके पुसताना फडके लाल झाले. आमच्या रस्त्याची धूळ काळी आहे. अंबादेवीच्या वाटेलाही काळीच. लाल मुरूम फक्त कॅम्पात पडतो, कचेरीच्या रस्त्याला.

मी फडके हातात धरून खाली बसलो. बंगल्यापासून कचेरी अडीच मैल. जाऊन येऊन पाच. भाऊसाहेब अठरा वर्षे याच गाडीतून कचेरीला गेले. त्यांची प्रकरणे नेहमी दुपारची. रविवारी जात नसत. सणाला जात नसत.

आता यापुढे लिहायची हिंमत होत नाही.

१९ मार्च

लिहितो. भाऊसाहेब अजून कचेरीला जातात.

२१ मार्च

पार्बतेला सांगितले. ती तवा टाकून माझ्याकडे बघत राहिली.

"अवो, डोकं फिरलं का तुमचं? मेलेला मानूस कोर्टात कोनाची वकिली करन?"

"त्यांचं काही राहिलं असंन. अर्ध्यावर टाकून गेले ते."

"राहिलं असंन तर करू द्या. तुमच्या जिवाले काय करून राहिले ते?"

"लाल वहीत मैल दिसते ना! वामनराव म्हनतीन, बॅटरी मेली. गाडी इकतीन. बाईले घेऊन जातीन."

मग तिने ताक दिले आणि म्हणाली, "बाईले यातलं काही बोलू नका. आधीच दुखात हायेत." मी कबूल केले. बाईंना बिचाऱ्यांना का घाबरवायचे? हल्ली दुपारी खोलीचे दार लावून त्या तीन तीन तास पडून असतात. पार्बता सांगते, बाईंच्या दारावर हाकही मारायची नाही.

२३ मार्च

आमच्याकडे तेराव्याच्या आदल्या रात्री राख चाळून पसरतात, वर टोपले पालथे घालतात आणि सकाळी पाहतात की त्यात पाऊल कोणाचे उमटले. गाईचे उमटले तर जीव गाईच्या जन्माला गेला, पाखराचे उमटले तर पाखराच्या. भाऊसाहेबांच्या वेळी बाईंनी हे करू दिले नव्हते. हे अडाणीपण आहे असे भाऊसाहेबच म्हणत, म्हणून. माझ्या मते तिथेच चुकले. कोणी पाहिलेच नाही की ते कुठे गेले.

आज अकरा वाजता चुलीतली राख चाळून शेडाच्या सबंध फरशीवर पातळ पसरली. गाडीखालीही. तिचे पडदे आज तेव्हाच ओढलेले होते. पार्बता नळावर होती, तिने पाहिले नाही.

पाच वाजता दार उघडले. चाकांचे चार पट्टे होते, बाहेर गेलेले आणि आत आलेले, एकावर एक. आणि पावले होती. उघडी पावले, लहान, गाडीच्या पायरीपासून सुरू होऊन दाराकडे गेलेली. आत येणारे एकही पाऊल नव्हते. फक्त बाहेर जाणारी. गाडीतून कोणीतरी उतरले आणि बाहेर गेले, पण आत कोणीच आले नव्हते.

भाऊसाहेबांचा पाय मोठा होता, त्यांचे पंपशू मी पुसत असे. मग हा लहान पाय कोणाचा? माणूस मेल्यावर आक्रसतो का? देवळातला गुरव म्हणतो की मेलेल्याचे पाऊल हळूहळू हलके आणि लहान होत जाते आणि शेवटी उमटतच नाही.

पार्बतेने येऊन सगळी राख झाडून टाकली. "बाईनं पाह्यलं तर काय वाटंन त्यायले!" म्हणून माझ्यावर ओरडली. तिचा आवाज मात्र कापत होता. ती पण घाबरली आहे, दाखवत नाही एवढेच.

३० मार्च

तीन दिवस ताप होता. तापात सारखे वाटे की मी स्वतः सेल आहे आणि माझ्यातले पाणी उतरते आहे.

या तीन दिवसांत लाल वही पार्बतेने भरली म्हणते. तिला लिहिता येत नाही, म्हणून बाईंनी लिहून दिले. पाहिले तर रोजचे फक्त अंबादेवीचे तीन मैल. घड्याळ मात्र पंधरा मैल पुढे आहे. बाईंना घड्याळ बघायचे कळत नसेल.

मी विचार करत बसलो. भाऊसाहेबांनी मला बावीस वर्षांत कधी अरे म्हटले नाही. वसंताच्या लग्नात स्वतः या गाडीतून नवरदेवाला मिरवले. त्यांचे काही काम अडले असेल आणि ते उन्हातान्हात एकटे कचेरीत जात असतील, तर मी त्यांना चोरासारखा पकडून देऊ का?

आज जन्मात पहिल्यांदा वहीत खोटे लिहिले. घड्याळाचे पंधरा मैल जुळवायला लिहिले: "बागेसाठी शेणखत आणले, तीन खेपा." काचेच्या गाडीतून शेणखत! पण दुसरे काही सुचले नाही.

६ एप्रिल, बुधवार

आता मी त्यांची सोय करतो. रात्रीच गाडी पुरती भरून ठेवतो. दाराच्या बिजागरीला तेल घातले. अकरा वाजता मागच्या बैठकीवर त्यांचा काळा कोट घडी करून ठेवला. बिनकोटाचे ते कचेरीत कसे उभे राहणार?

पाच वाजता शेडात गेलो तर तिथे बाई उभ्या. हातात कोट.

"हा गाडीत कोणी ठेवला, शालिकराम?"

मला खोटे बोलता येईना. "मी ठेवला जी. साहेबांना लागंन म्हनून."

बाईंनी कोटाच्या घडीवरून हात फिरवला. उन्हाने की कशाने, त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि कपाळावर घामाला धूळ चिकटली होती. खोलीत पडून राहणाऱ्या माणसाला इतकी धूळ कुठून लागते? बंगल्याच्या खिडक्या नीट लागत नाहीत, सुताराला बोलवायला पाहिजे.

मग त्यांनी कोट तसाच घडी करून परत बैठकीवर ठेवला. "राहू द्या तिथेच," म्हणाल्या. डोळे भरले होते.

९ एप्रिल

रामनवमी. कचेरी बंद. मैल नाहीत. मी आता याची वाट बघतो. सुट्टीच्या दिवशी त्यांना विश्रांती मिळते.

२१ एप्रिल

पुंजाराम येऊन गेला. त्याची मोटार दर्यापूरच्या वाटेवर तापून उभी राहिली, विहिरीचे खारे पाणी घातले तर आतून गंजली, आता रेडिएटर उतरवून अकोल्याला दिले होते. शिवाय दोन टायर. "माह्या वहीत जागा नाई उरली," म्हणून हसला. मला बरे वाटले आणि लगेच वाईटही वाटले. माझी वही स्वच्छ आहे ती माझ्या खोटेपणामुळे. शेणखताच्या आतापर्यंत वीस खेपा झाल्या.

आणि बॅटरी खरोखर थकली आहे. पूर्वी पंचवीस मैल सहज जायची, आता वीसला मान टाकते. रोजची आठ मैलांची धाव या वयात झेपत नाही तिला. मलाही झेपत नाही.

पार्बता म्हणते, महिनाअखेरीला कचेरी बंद होते ना, मग सगळे ठीक होईल. तिला हे कसे माहीत, देव जाणे.

३० एप्रिल, शनिवार

जसे झाले तसे लिहितो. दिवेलागण झाली आहे.

कचेरीचा सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. सकाळपासून बाई चार वेळा घड्याळ बघून गेल्या. साडेअकराला त्या पार्बतेला काही सांगत असताना फाटकात भोंगा वाजला. वामनराव. पत्र नाही, निरोप नाही. मोटार पोर्चमध्ये धापा टाकत उभी राहिली. पुंजाराम लिंबाखाली जाऊन आडवा झाला.

वामनराव दिवाणखान्यात बसले. वाळ्याचा पडदा खिडकीवर अर्धा ओढलेला होता. दोन्ही वह्या टेबलावर. मला समोर उभे केले. बाई दाराशी बसल्या. सोमवारी येणार होते ते आजच का आले, असे बाईंनी विचारले. ते म्हणाले, "सोमवारी गिऱ्हाईक येऊन गाडी बघणार आहे. तोवर तुमचे सामान बांधायला घ्या, वहिनी."

"वह्या न बघताच?"

"बघतो ना." आणि बघू लागले. त्यांच्या मोटारीचे पान ते भराभर उलटत. आमचे पान मात्र बोट ठेवून वाचत. "शेणखत? शालिकराम, हा काय चावटपणा आहे?"

मी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा राहिलो.

बाई उठल्या. चेहरा पांढरा, पण आवाज रोजचाच. "पार्बताबाई, देवाची फुले राहिली ना द्यायची? बारा वाजत आले. आज नाही पोचली तर मग दोन महिने देऊळ बंद."

पार्बता म्हणाली, "देऊन येते जी. तुमी बसा भावजीपाशी."

बाईंनी तिला फुलांची परडी दिली. वर मोगरा होता, खाली कापडात गुंडाळलेले काहीतरी चपटे. देवाची पोथी असावी. मला कळेना की दोन महिने बंद राहणारे हे कोणते देऊळ. पण विचारायची ती वेळ नव्हती.

वामनराव बोलत होते. बॅटरी म्हातारी झाली, मैल घटले, नव्या बॅटरीचा खर्च कोण करणार. पेट्रोलच्या गाडीचा खर्च दिसतो तरी, हिचा लपलेला असतो. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, साहेब, आज जाऊ नका, आज तुमचा भाऊ इथे आहे.

तेव्हाच खिडकीतले ऊन गेले.

गाडी पडद्यापलीकडून जात होती. दोन हातांवरून. निळे पडदे चारी बाजूंनी ओढलेले, पुढच्यात बोटभर फट, काचेत लिंबाची झाडे उलटी सरकत होती. चाकाखाली एक पान मोडले तेवढाच आवाज. बाई समोर बसलेल्या, मी समोर उभा, पुंजाराम लिंबाखाली घोरत पडलेला. आणि गाडी वळण घेऊन फाटकातून बाहेर गेली.

वामनरावांच्या हातातली वही खाली पडली. "शालिकराम. आत कोण आहे?"

आता लपवण्यासारखे काही राहिले नव्हते. "भाऊसाहेब हायेत जी. रोज जातात. कचेरीले. काही काम राहिलं त्यायचं."

बाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते. बिचारीला मी नको ते ऐकवले.

वामनराव म्हणाले, "मूर्खासारखे बोलू नकोस!" पण ते बसलेले उठले होते आणि त्यांचा आवाज पातळ झाला होता. "वहिनी, तुम्ही पाहिलेत?"

"काय, भावजी?"

"गाडी गेली ना आत्ता?"

"मला काही ऐकू आले नाही," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी पुंजारामला हाक मारली. मोटार निघेना. पेट्रोल तापून नळीत वाफ झाली होती. पुंजारामने हँडल मारले, हँडल उलटे फिरून त्याच्या मनगटाला बसले. नळीवर ओले फडके टाकले, पुन्हा हँडल, पुन्हा नाही. शेवटी ढकलत फाटकापर्यंत आणली, तिथे आडवी होऊन बसली. वामनराव उन्हात उभे, टोपी हातात, सारखे फाटकाकडे बघत. असा तास गेला असेल. अंगणात झळा नाचत होत्या, फाटकापलीकडचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. त्या हलणाऱ्या पाण्यातून गाडी परत आली.

फाटकाशी येऊन थांबली. मोटार वाटेत आडवी, तिला आत येता येईना. ती तशीच उभी राहिली. पडदे बंद. आम्ही तिच्याकडे बघतो आहोत आणि ती आमच्याकडे. किती वेळ, मला सांगता येत नाही. मग ती सावकाश मागे सरकली, तोंड न फिरवता, आणि भिंतीआड गेली.

वामनराव मागच्या दाराने निघाले, शेतातून पायी जाऊन टांगा पकडला आणि बडनेऱ्याला रेल्वे गाठली. पुंजाराम मनगटाला फडके बांधून मोटारीपाशी बसून राहिला. "म्या काहीच नाई पाह्यलं बापा," असे त्याने मला विचारले नसताना तीनदा सांगितले.

ऊन उतरल्यावर आम्ही मोटार कडेला ढकलली; संध्याकाळी गाडी शेडात होती. बॅटरी रोजच्यापेक्षा जास्त उतरलेली. पार्बता दमून आली, पायांना लाल मुरूम.

"कोनत्या देवाले गेली होतीस?"

"कॅम्पातल्या."

"एवढ्या उनात? पायी?"

"गाडी भेटली," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मी तिला सांगितले नाही की आज त्याच रस्त्यावर कोण होते. तिची झोप उडाली असती.

४ मे

वामनरावांचे पत्र आले. बाईंनी वाचून दाखवले. गाडी विकायची गरज दिसत नाही. वहिनींची इच्छा असेल तर त्यांनी अमरावतीलाच राहावे. भाऊंच्या नावाने भटजींकडून एखादी शांत करून घ्यावी, खर्च ते पाठवतील. मोटार न्यायला दुसरा माणूस येईल, ते स्वतः येणार नाहीत.

मग बाईंनी पेटीतून एक कागद काढला. भाऊसाहेबांचे मृत्युपत्र कोर्टाने मान्य केले, बंगला आणि गाडी बाईंच्या नावे. लाल लाखेचा शिक्का. खाली तारीख ३० एप्रिल.

मी तारखेवर बोट ठेवले. "हेच राहिलं होतं त्यायचं," मी म्हटले.

बाई म्हणाल्या, "हो, शालिकराम. हेच राहिले होते."

शेडात जाऊन मी गाडीला नमस्कार केला आणि मोठ्याने सांगितले, जिंकलो जी, आता उन्हात जात जाऊ नका. कोट काढून, झटकून, बाईंच्या कपाटात ठेवला.

११ मे

अकरा दिवस झाले, दुपारी मैल चढले नाहीत. शेड रिकामे रिकामे वाटते. बॅटरी मात्र जरा सुधारली आहे. पुढच्या वर्षी काही सेल बदलावे लागतील, ते मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, बदलू, एकदम नको, चार चार करू.

आज सकाळी म्हणाल्या, "शालिकराम, मला गाडी चालवायला शिकवा."

मी चाट पडलो. गावात बाईमाणूस गाडी चालवताना कोणी पाहिलेले नाही, त्यातून विधवा. पण मालकीण त्या. पार्बता फाटक उघडायला धावली आणि तोंडात पदर कोंबून हसत होती. हिला कशाचे हसू येते ते मला कधी कळले नाही.

या गाडीत चालवणारा मागच्या बैठकीवर डाव्या हाताला बसतो. तिथे बाई बसल्या, त्यांच्या शेजारची जागा मोकळी. मी समोरच्या लहान स्टुलावर, रस्त्याकडे पाठ करून. मी सांगायला सुरुवात केली, "ही दांडी जी, हळूच पुढं..." तर त्यांचा हात आधीच दांडीवर गेला होता. गाडी हिसका न देता सुटली. फाटकापाशी मी ओरडणार तोच त्यांनी वळण कापले, भाऊसाहेब कापायचे तसे, खांबाला वीतभर अंतर ठेवून. पुलाजवळ त्यांनी दांडी मागे घेतली, बरोबर त्याच जागी जिथे ते घ्यायचे. मला एकही शब्द सांगावा लागला नाही.

"बाई, हे तुमाले कोनी शिकवलं?"

"बघून बघून," म्हणाल्या.

बघून हात असा चालत नाही. मी अठरा वर्षे गाडीत बसलो, मला अजून ते वळण तसे जमत नाही. त्यांचे बोट दांडीवर होते, पण ती चाल कोणाची होती ते मी ओळखले. या अकरा दिवसांपुरते ते गेले आणि परत आले. किंवा गेलेच नाहीत.

अंबादेवीच्या रस्त्याला लोक दुकानांतून उठून बघायला लागले. गाडी आवाज न करता त्यांच्यामधून जात होती. मी स्टुलावर बाईंशेजारच्या मोकळ्या जागेसमोरून बाजूला सरकलो.

बाई म्हणाल्या, "सरकू नका, शालिकराम. मला दिसतो आहे रस्ता."

मी त्यांच्यासाठी सरकलो नव्हतो.